बोल्ट उचलताना हात का भरून येतो? जड बोल्टच्या तक्रारीचे निदान

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांड्याचा तुकडा, जड झाल्याची तक्रार माझ्याकडे हमखास येते. सैन्याच्या कार्यशाळेत शस्त्रांच्या देखभालीचे काम करून मी निवृत्त झालो आणि धुळ्यात स्थायिक झालो, त्यामुळे ओळखीतले परवानाधारक शेतकरी आणि नेमबाजीचा सराव करणारी मुले काही अडले की विचारायला येतात. वाक्यही ठरलेले असते : "भाऊ, हाऊ बोल्ट भलता जड शे, काही तेलबिल टाकी द्या." तेलाची बाटली मी लगेच काढत नाही. बोल्ट जड नेमका केव्हा लागतो, हे मी आधी विचारतो. रिकाम्या रायफलीत लागतो, काडतूस भरल्यावर लागतो, की गोळी सुटल्यानंतर लागतो? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. या तीन उत्तरांमागची कारणे एकमेकांपासून पूर्णपणे वेगळी आहेत, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या ठिकाणी केल्यास तो निरुपयोगीच नव्हे तर धोकादायकही ठरू शकतो.

पुढे जे लिहिले आहे ते निदान, सफाई आणि वंगण एवढ्यापुरतेच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यातील फेरफार हा परवान्याचा विषय आहे, त्यामुळे धातूला कानस, पॉलिश पेपर किंवा यंत्र लावण्याची वेळ आली की रायफल परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच गेली पाहिजे. घरी तपासणी करताना मॅगझिन काढून ठेवावे, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहून शिवाय करंगळीने चाचपून रिकामे असल्याची खात्री करावी, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. माझ्या कार्यशाळेत हा नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी पुन्हा शस्त्राला हात लावू दिला जात नसे, आणि घरी तो नियम सैल करण्याचे मला काही कारण दिसत नाही.

दांडा वर जाताना आत काय घडते

बोल्टचा दांडा उचलताना एकाच हालचालीत तीन कामे होतात. पहिले, बोल्टचे लग, म्हणजे त्याला बंद अवस्थेत अडकवून ठेवणारे उंचवटे, रिसीव्हरमधील (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यातील) आपल्या आसनांतून फिरून बाहेर येतात. दुसरे, बोल्टच्या मागच्या टोकाला असलेला तिरका उतार, म्हणजे कॉकिंग कॅम, फायरिंग पिनच्या (काडतुसावर आपटून गोळी सोडणाऱ्या सळईच्या) मागच्या टोकाचा तुकडा, म्हणजे कॉकिंग पीस, मागे रेटतो आणि पिनची मेनस्प्रिंग दाबली जाते. तिसरे, हालचालीच्या शेवटच्या टप्प्यात दांड्याच्या मुळाशी असलेला दुसरा उतार रिसीव्हरला टेकून संपूर्ण बोल्ट किंचित मागे सरकवतो, ज्यामुळे चेंबरला चिकटलेले काडतुसाचे पितळी कवच सुटते. यालाच प्राथमिक निष्कासन म्हणतात. म्हणून बोल्ट उचलताना जोर नेमका कुठे लागतो, हेही लक्षात ठेवावे. अगदी सुरुवातीलाच हात अडत असेल तर लग आणि त्यांची आसने पाहावीत, मधल्या टप्प्यात अडत असेल तर कॅम आणि स्प्रिंग, आणि शेवटी अडत असेल तर कवच व चेंबर.

दुसरे काम सगळ्या रायफलींत सारखे नसते. जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारलेल्या मॉझर रायफलीत आणि तिच्यावरून बेतलेल्या बहुतेक आधुनिक रायफलींत स्प्रिंग बोल्ट उघडताना दाबली जाते. ब्रिटिशांनी १८९५ मध्ये स्वीकारलेल्या ली-एनफिल्डमध्ये ती मुख्यतः बोल्ट बंद करताना दाबली जाते, आणि उघडताना पिन फक्त थोडी मागे येते. आपल्याकडच्या .३१५ स्पोर्टिंग रायफलीचा बोल्ट ली-एनफिल्ड घराण्यातला आहे, आणि एनसीसीच्या मुलांनी हाताळलेली .२२ नंबर दोन मार्क चार रायफलही त्याच घराण्यातली. म्हणून .३१५ चा मालक जेव्हा "बोल्ट पुढे ढकलून बंद करताना शेवटी जोर लागतो" असे म्हणतो, तेव्हा ती तक्रार नसून त्या रायफलीचा स्वभाव असतो. मात्र तिचा दांडा रिकाम्या अवस्थेत वर उचलतानाच जड लागत असेल, तर स्प्रिंगला दोष देण्याऐवजी मळ, वाकलेला भाग किंवा कुंद्याशी होणारे घर्षण शोधावे.

आणखी एक हिशेब येथेच सांगून टाकतो, कारण नवी रायफल घेतलेल्यांचा त्यामुळे विनाकारण हिरमोड होतो. दोन लग असलेल्या मॉझर पद्धतीच्या बोल्टचा दांडा ९० अंशांतून वर जातो, तर तीन लग असलेल्या अनेक रायफलींत तो ६० अंशांतच उघडतो. स्प्रिंग दाबण्याचे काम दोन्हींत तेवढेच असेल आणि ते ९० ऐवजी ६० अंशांत उरकायचे असेल, तर हाताला लागणारा जोर दीडपट होणारच. दांडा कमी उचलावा लागतो म्हणून दुर्बिणीखाली बोटांना जागा मिळते. त्या सोयीची किंमत मनगट मोजते. अशा रायफलीचा बोल्ट शेजाऱ्याच्या जुन्या मॉझरपेक्षा जड लागला तर त्यात बिघाड नाही.

काटा लावून तपासणी

हाताच्या अंदाजावर विसंबू नये, कारण पंधरा मिनिटे तेच करत राहिल्यावर हाताला सगळेच हलके वाटू लागते. प्रवासी बॅगा तोलण्यासाठी मिळणारा साधा लटकवण्याचा काटा घ्यावा, त्याचा हूक सुतळीच्या फासाने बोल्टच्या दांड्याच्या टोकावरील गोळ्याला अडकवावा, रायफल वाळूच्या पिशवीवर घट्ट धरावी, आणि दांडा ज्या वर्तुळात फिरतो त्याला स्पर्शरेषेत राहील अशा दिशेने काटा सावकाश ओढावा. कमाल आकडा वहीत लिहावा. तीनदा मोजून मधला आकडा धरला तरी पुरे.

पहिली मोजणी पिन खाली असताना करावी. उघडताना कॉक होणाऱ्या, म्हणजे स्प्रिंग दाबली जाणाऱ्या, बहुतेक रायफलींत ट्रिगर दाबून धरून दांडा खाली आणला की स्प्रिंग सैल होते. .२२ मध्ये रिकामी पिन आपटू नये, कारण ती चेंबरच्या काठावर खूण पाडते, म्हणून तेथे ही सैल करण्याची पद्धतच वापरावी. दुसरी मोजणी बोल्ट कॉक केलेल्या अवस्थेत, म्हणजे दांडा एकदा वर-खाली करून आणि ट्रिगरला हात न लावता करावी. या वेळी सिअर (ट्रिगरशी जोडलेली खिटी) कॉकिंग पीसला अडवून धरते, स्प्रिंग बोल्टला मागे रेटते आणि लग आसनांवर दाबले जातात. म्हणजे या दुसऱ्या मोजणीत स्प्रिंग दाबण्याचे काम नसते, उरते ते लगांचे आणि बाहेरच्या भागांचे घर्षण. मॉझर पद्धतीच्या निरोगी रायफलीत हा आकडा इतका लहान असतो की एका बोटाने दांडा वर जातो.

पहिला आकडा मोठा आणि दुसरा लहान असेल तर दोष कॉकिंगच्या साखळीत आहे. दोन्ही मोठे असतील तर लग, स्क्रू, कुंदा किंवा दुर्बीण यांपैकी काहीतरी अडते आहे. दोन्ही लहान असून केवळ डमी, म्हणजे निर्जीव, काडतूस भरल्यावर आकडा वाढत असेल तर चेंबर किंवा बोल्टच्या तोंडाशी मळ साठला आहे, अथवा चेंबरच्या लांबीचे माप चुकते आहे. ते माप गेज लावून कारागिरानेच तपासावे, विशेषतः कोणी बोल्ट बदलला असल्याचा संशय असेल तेव्हा. बोल्टवरचा क्रमांक आणि रिसीव्हरवरचा क्रमांक जुळतो का, एवढे मात्र मालकाने स्वतः पाहता येते. या तपासणीसाठी घरात जिवंत काडतूस वापरू नये, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण मला ते सांगावे लागले आहे.

तिन्ही आकडे ठीक असूनही मैदानावर गोळी सुटल्यावर बोल्ट अडत असेल, तर पुढचा उन्हाळ्याचा भाग आधी वाचावा.

कॉकिंगची साखळी : धूळ, गोठलेले ग्रीस आणि कानस

माझ्याकडे येणाऱ्या जड बोल्टांपैकी बहुतेकांचे उत्तर बोल्टच्या पोटात सापडते. २०२४ मध्ये लोकसभेची निवडणूक उन्हाळ्यात आणि विधानसभेची नोव्हेंबरात झाली, त्यामुळे अनेकांच्या रायफली आचारसंहितेच्या काळात एकाच वर्षात दोनदा पोलीस ठाण्यात जमा झाल्या. जमा करण्याआधी मालकाने गंजाच्या भीतीने आत-बाहेर जाड ग्रीस थापलेले असते. महिनोन्महिने पडून राहिल्यावर त्यातील तेल निथळून जाते आणि मागे उरतो तो साबणासारखा पिवळट चिकट थर. त्यावर आपल्या काळ्या मातीची धूळ बसली की जो लेप तयार होतो तो वंगण नसून घासण्याची पूड असते. कपाशीच्या रानातून एकदा जीप गेली की ही धूळ कुठवर पोहोचते हे खान्देशात कोणाला सांगायला नको.

निर्मात्याच्या पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे बोल्ट रिसीव्हरमधून काढून पिनचा संच बाहेर घ्यावा. हा संच दाबलेल्या स्प्रिंगसह असतो, म्हणून पुस्तिका नसेल किंवा हात बसलेला नसेल तर पहिल्यांदा जाणकाराच्या समोरच उघडावा. स्प्रिंग, पिन आणि बोल्टची पोकळी मिनरल टर्पेंटाइनने धुवावी. रॉकेलही चालते, पण त्याचा थर मागे राहतो, म्हणून नंतर कोरड्या चिंदीने दोनदा पुसावे. पोकळीत चिंदी फिरवून बाहेर काढल्यावर ती तपकिरी निघत असेल तर गंज आहे, आणि राखाडी चकचकीत निघत असेल तर धातू झिजतो आहे. दोन्ही रंग मी एकाच चिंदीवर पाहिले आहेत.

वंगण पुन्हा लावताना हात आखडता घ्यावा. पोकळीत आणि स्प्रिंगवर पातळ तेलाचा जेमतेम ओलावा पुरेसा असतो. तेथे ग्रीस भरले तर पिनचा वेग मंदावतो आणि गोळी न सुटण्याची नवी तक्रार सुरू होते. ग्रीस फक्त तीन ठिकाणी लावावे : लगांच्या मागच्या बाजूला, कॉकिंग कॅम व त्यावर घासणाऱ्या कॉकिंग पीसच्या नाकावर, आणि दांड्याच्या मुळाशी असलेल्या उतारावर. प्रत्येक ठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढे ग्रीस काडीने लावून पसरवावे. मोलिब्डेनम असलेले ग्रीस या दाबाच्या जागांना चांगले मानवते. ट्रिगरच्या यंत्रणेत, बोल्टच्या तोंडावर आणि चेंबरमध्ये ग्रीस किंवा तेल जाता कामा नये. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या रायफलीतले जादा ग्रीस वितळून नेमके ट्रिगरकडे उतरते, हेही ध्यानात ठेवावे.

सफाईनंतरही पहिला आकडा खाली येत नसेल तर कॅमचा पृष्ठभाग भिंगातून पाहावा. निरोगी कॅमवर एकसारखी तुकतुकीत पट्टी दिसते. बिघडलेल्या कॅमवर ओरखडे, खळगा, किंवा धातू ओढला जाऊन तयार झालेली बारीक ढेप दिसते, आणि तिच्यासमोर कॉकिंग पीसच्या नाकावरही तसाच व्रण असतो. ही जागा गुळगुळीत करून घेणे हा योग्य उपाय आहे, पण तो करताना उताराचा कोन आणि आकार तसूभरही बदलू नये. जुन्या मॉझर पद्धतीच्या बोल्टांचे पोलाद पृष्ठभागावरच कठीण केलेले असते. तो पातळ कवचासारखा थर घासून काढला की आतले मऊ पोलाद उघडे पडते, आणि आज लोण्यासारखा फिरलेला बोल्ट काही महिन्यांत पूर्वीपेक्षा जड होतो. लगांवर घासण्याची पेस्ट लावून बोल्ट शेकडो वेळा वर-खाली करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अजिबात मान्य नाही, कारण पेस्ट कुठे किती खाते यावर नियंत्रण राहत नाही आणि लग मागे सरकले की चेंबरचे माप बदलते.

मेनस्प्रिंगचे वेटोळे कापणे हा दुसरा लोकप्रिय अपराध आहे. स्प्रिंग कॉक अवस्थेत साधारण दहा किलोच्या आसपास जोर धरून असते. तो जोर प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातील ठिणगी देणाऱ्या भागावर) पुरेसा आघात होण्यासाठीच असतो, कोणाच्या तरी हट्टापायी नव्हे. स्प्रिंग कापली की दांडा हलका होतो हे खरे, पण आघातही हलका होतो, आणि .२२ च्या सामन्यात गोळ्यांचा पुंजका उभा पसरू लागला की मुलगा महिनाभर आपल्या श्वासाला दोष देत बसतो. स्प्रिंग वाकडी होऊन पोकळीच्या भिंतीला घासत असेल, तिचे टोक खरबरीत असेल, किंवा कोणी पूर्वी जास्त ताकदीची बसवली असेल, तर त्या रायफलीसाठी नेमून दिलेली नवी स्प्रिंग बसवून घ्यावी. नवा ट्रिगर बसवल्यानंतरच दांडा जड झाला असेल, तर सिअर कॉकिंग पीसला पूर्वीच्या जागी धरत नसण्याची शक्यता असते, आणि ते काम पुन्हा त्याच कारागिराकडे न्यावे.

जोर कमी करण्याचा एक उपाय मात्र कोणत्याही पृष्ठभागाला न दुखावणारा आहे. तो म्हणजे दांड्याची लांबी. दांडा फिरण्याच्या अक्षापासून गोळा सहा सेंटिमीटरवर असेल आणि निर्मात्याने दिलेला मोठा गोळा बसवून हाताची पकड साडेसात सेंटिमीटरवर गेली, तर लागणारा जोर एक-पंचमांशाने कमी होतो. ज्या रायफलींत गोळा आट्यांवर बसतो तेथे हे सहज जमते. त्याशिवाय हाताची पद्धतही पाहावी. अनेकजण दांडा उचलता उचलताच मागे ओढतात, त्यामुळे लग आसनांवर दाबले जाऊन घर्षण वाढते. तळहात गोळ्याखाली घालून आधी पूर्ण वर, मग मागे, अशी दोन स्वच्छ हालचालींची सवय लावावी.

दोन्ही आकडे मोठे असतील तेव्हा

येथे मी काळ्या मार्करने काम करतो. लगांच्या सर्व बाजूंना, बोल्टच्या अंगाला आणि दांड्याच्या मुळाला मार्करची शाई लावायची, वाळू द्यायची, बोल्ट घालून दहा वेळा उघड-मीट करायची, आणि शाई कुठे खरडली गेली ते पाहायचे. लगांच्या मागच्या बाजूची शाई जाणे अपेक्षित आहे. लगाच्या माथ्यावरची शाई गेली असेल तर वरून किंवा खालून एखादा स्क्रू आत डोकावतो आहे. दुर्बिणीच्या पुढच्या माउंटचा स्क्रू जरुरीपेक्षा एक-दोन आटे लांब असला की हे घडते, आणि काही रायफलींत कुंद्याच्या पुढच्या स्क्रूनेही घडते. दांड्याच्या मुळाची शाई लाकडाच्या बाजूने गेली असेल तर कुंदा अडतो आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून आषाढात जड आणि माघात हलका असा बोल्ट असेल तर दांडा व लाकूड यांच्यामध्ये वहीचा कागद सरकतो का, एवढेच पाहून निदान होते. कुंद्याचे स्क्रू अर्धा आटा सैल केल्यावर आकडा घसरला, तर ते नेमून दिलेल्यापेक्षा जास्त आवळले होते असे समजावे.

गोळी सुटल्यानंतरच जड : खान्देशचा उन्हाळा

ही तक्रार बाकी सर्वांपेक्षा वेगळी आहे, आणि तिच्यात बोल्ट हलका करण्याचा प्रयत्न करणे म्हणजे ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडणे होय. गोळी सुटताना पितळी कवच दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब ओसरताच किंचित आकसून सुटते. दाब मर्यादेपलीकडे गेला की पितळ आपली लवचीकता ओलांडून फुगते, पुरेसे आकसत नाही, आणि दांडा उचलताना अडते. म्हणजे जड झालेला बोल्ट येथे दाबाची वर्दी देत असतो.

दाब वाढण्याची कारणे अनेक असली तरी आपल्या भागात पहिला संशय मी उष्णतेवर घेतो. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत ६० अंशांपलीकडे. काडतुसातली दारू तापली की अधिक वेगाने जळते आणि दाबाचे शिखर वर सरकते. वरणगावच्या दारूगोळा कारखान्यामुळे काडतूस ही वस्तू आपल्या जिल्ह्यांना परकी नाही, आणि दारूगोळ्याच्या कोठारात तापमानाची नोंद ठेवतात हेही त्या भागातल्या कित्येक घरांत ठाऊक असते. तरीही स्वतःची काडतुसे मात्र पत्र्याच्या खोलीतील लोखंडी पेटीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली जातात. मैदानावर काडतुसांचा डबा पांढऱ्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवावा, आणि सलग गोळ्या झाडून तापलेल्या चेंबरमध्ये नेम धरण्याआधी मिनिटभर काडतूस ठेवून गप्पा मारू नयेत, कारण तेवढ्या वेळात ते तेथेच शेकते.

सुटलेली कवचे फेकू नयेत. कवच हा चेंबरचा ठसाच असतो. प्रायमर पसरट होऊन त्याच्या कडेची गोलाई नाहीशी झाली आहे का, पिनच्या खळग्याभोवती कडा उठली आहे का, बुडावर इजेक्टरचा (कवच बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटला आहे का, बुडाच्या थोडे वर चकाकणारे कडे दिसते का, हे उन्हात तिरके धरून पाहावे. यांपैकी काही दिसले आणि बोल्टही अडत असेल तर त्या काडतुसांनी पुढची गोळी झाडू नये. कवचावर आडवे किंवा उभे ओरखडे दिसत असतील तर दाबापेक्षा चेंबरमधील गंज किंवा मळ संशयित ठरतो, आणि ब्रशने चेंबर साफ केल्यावर फरक पडतो का ते तपासता येते. गंजाने खड्डे पडले असतील तर मात्र ब्रशचे काम संपले.

येथेच तेलाची बाटली सर्वांत घातक ठरते. कवच अडते म्हणून काडतुसांना तेलाचे बोट लावण्याची सवय मी चांगल्या अनुभवी माणसांत पाहिली आहे. कोरडे कवच चेंबरच्या भिंतीला धरून राहते आणि मागे येणाऱ्या धक्क्याचा काही भाग स्वतः पेलते. तेलकट किंवा पावसाने ओले झालेले कवच ती पकड सोडते आणि सगळा धक्का बोल्टच्या तोंडावर व लगांवर येतो. .३१५ च्या ली-एनफिल्ड पद्धतीच्या बोल्टचे लग मागच्या बाजूला असतात, त्यामुळे धक्क्याखाली बोल्टचे लांब अंग दबते, रिसीव्हर किंचित ताणला जातो आणि कवचही लांबते. अशा रायफलीत तेलकट काडतूस घालणे म्हणजे अडचण कमी करायला जाऊन ती वाढवणे. चेंबर साफ केल्यावर झाडण्यापूर्वी कोरडी चिंदी फिरवावी, ती याचसाठी.

बोल्ट गोळी सुटल्यावर पूर्ण अडकलाच, तर नळी लक्ष्याच्या दिशेने ठेवून तळहाताने एक-दोनदा वर रेटावा. बूट, हातोडी किंवा दगड वापरू नये. ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नसेल तर किमान ३० सेकंद नळी लक्ष्याकडेच धरून थांबावे आणि मगच बोल्टला हात लावावा. दांडा सहज वर जातो पण मागे ओढताना कवच येत नाही, अशी तक्रार असेल तर ती या लेखातील नव्हे. तेथे एक्स्ट्रॅक्टर (कवच ओढून काढणारा आकडा) किंवा दांड्याच्या मुळाचा उतार पाहावा लागतो.

सरावाच्या .२२ मध्ये उन्हाळ्याची गंमत निराळी असते. तिच्या शिशाच्या गोळीवर मेणासारखा लेप असतो, तो उन्हात मऊ होऊन धूळ पकडतो आणि चेंबरच्या काठावर, बोल्टच्या तोंडाच्या खोबणीत व एक्स्ट्रॅक्टरखाली काळी पुटे धरतात. कडेचे काडतूस (ज्याचा प्रायमर बुडाच्या कडेत असतो) असल्यामुळे तेवढे पूटही दांड्याला जाणवते. ब्रश मागच्या बाजूने घालून चेंबर आणि काडीला गुंडाळलेल्या चिंदीने खोबणी साफ केली की बहुधा काम संपते.

साक्रीची .२७५

साक्री तालुक्यातील एका शेतकऱ्याची वारशाने आलेली, मॉझर बांधणीची .२७५ रायफल गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आली. त्यांच्या मते स्प्रिंग "म्हातारी होऊन कडक" झाली होती आणि ती कापून देणारा एक माणूसही त्यांनी शोधून ठेवला होता. काटा लावल्यावर पिन खाली असताना साडेसहा किलो आणि कॉक अवस्थेत अडीच किलो असे आकडे आले. दुसराच आकडा एवढा मोठा, म्हणजे स्प्रिंगचा प्रश्न नंतरचा. मार्कर लावला, दहा वेळा बोल्ट फिरवला, आणि वरच्या लगाच्या माथ्यावर नखाएवढी आडवी चंदेरी रेघ उमटली. दोन वर्षांपूर्वी दुर्बीण बसवताना पुढच्या माउंटला लांब स्क्रू लागला होता, आणि तेव्हापासून तो लगावर घासत होता. योग्य लांबीचा स्क्रू बसवल्यावर कॉक अवस्थेतला आकडा अर्ध्या किलोच्याही खाली आला, पण पहिला साडेचारवरच अडून राहिला.

मग बोल्टचे पोट उघडले. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये जुने ग्रीस इतके घट्ट बसले होते की ते टाचणीने कोरून काढावे लागले, आणि टर्पेंटाइनच्या वाटीच्या तळाशी काळ्या मातीचा बोटभर गाळ बसला. धुऊन, वाळवून, तीन जागी ज्वारीच्या दाण्याएवढे ग्रीस लावून पुन्हा जोडल्यावर काट्याने साडेतीन किलो दाखवले. कॅम भिंगातून पाहिला, पट्टी एकसारखी होती, म्हणून तेथेच थांबलो. त्यांना आणखी हलका हवा होता. मी वहीतले दोन्ही दिवसांचे आकडे त्यांच्यासमोर ठेवले, जुना स्क्रू कागदात बांधून त्यांच्या हातात दिला, आणि पुढच्या वेळी रायफल ठाण्यात जमा करण्याआधी ग्रीसऐवजी पातळ तेलाचा हात फिरवून द्या आणि परत आल्याच्या दिवशीच बोल्ट धुवा, असे सांगितले.